कॉम्पिटिशनवाला : एका टोमण्याचा इतिहास

एकोणिसाव्या शतकात हिंदुस्थानात राहणाऱ्या इंग्रजांच्या बोलण्यात ‘कॉम्पिटिशनवाला’ असा एक जोडशब्द होता. त्याचा पुढचा अर्धा इंग्रजी, मागचा अर्धा हिंदुस्तानी. आज तो इंग्लंडमध्येही फारसा कोणाला ठाऊक नाही. मोठ्या शब्दकोशांत आणि त्या काळावरच्या ग्रंथांत तेवढा उरला आहे. पण ज्या परीक्षेपायी तो जन्मला, त्या परीक्षेची वारस असलेली स्पर्धा परीक्षा आजही आपल्याकडच्या लाखो मुलामुलींच्या तरुणपणाची वर्षे घेते. शिफारशीच्या जागी गुण आले तेव्हा कोण दुखावले, कोणाला दार उघडले आणि कोणासाठी ते उघडूनही बंदच राहिले, हे सगळे या एका शब्दाच्या इतिहासात सापडते.

ईस्ट इंडिया कंपनीच्या काळात हिंदुस्थानातल्या बड्या मुलकी नोकऱ्या लंडनमधल्या चोवीस संचालकांच्या मुठीत होत्या. दर वर्षी जितक्या जागा निघत, तितक्यांची नेमणूक करण्याचा हक्क ते आपसांत वाटून घेत. मग पुतणे, भाचे, मित्रांची मुले, राजकारणातल्या उपकारांची परतफेड, या वाटेने जागा भरल्या जात. नेमणुका पैसे घेऊन विकल्या जातात, ही कुजबुज इतकी वाढली की १८०९ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटला त्याची चौकशी करावी लागली.

शिफारशीवर निवडलेला हा मुलगा अगदीच कोरा पाठवायचा नाही, म्हणून कंपनीने १८०६ मध्ये स्वतःचे कॉलेज काढले. १८०९ पासून ते लंडनच्या उत्तरेला हेलिबरी इथल्या स्वतःच्या इमारतीत भरू लागले. तिथे कायदा, अर्थशास्त्र आणि पौर्वात्य भाषा शिकवत. लोकसंख्येवरच्या निबंधामुळे जगभर गाजलेला माल्थस तिथे जवळजवळ तीस वर्षे शिकवत होता. हेलिबरीतून काही खरोखर विद्वान माणसे बाहेर पडली, हे मान्य केले पाहिजे. पण त्या कॉलेजने दिलेली खरी शिदोरी होती ती सोबतीची. एकाच वसतिगृहात वाढलेली, एकमेकांच्या घराण्यांना ओळखणारी ही मुले पुढे कलकत्ता, मद्रास, मुंबईत पसरत आणि आयुष्यभर एकमेकांना धरून राहत. कित्येक घरांत तीन-तीन पिढ्या कंपनीच्या नोकरीत गेल्या होत्या. नोकरी ही जणू वतनासारखी चालत आली होती.

या वतनाला पहिला धक्का देण्याचा प्रयत्न १८३३ मध्ये झाला. कंपनीच्या सनदेचे नूतनीकरण होत असताना थॉमस बॅबिंग्टन मॅकॉले याने पार्लमेंटमध्ये स्पर्धेची बाजू मांडली. तरुणपणी जो आपल्या बरोबरीच्यांत अभ्यासात पुढे असतो, तोच पुढे आयुष्यातही पुढे राहतो, असा त्याचा युक्तिवाद होता. एका जागेसाठी चौघांची नावे सुचवावीत आणि त्यांच्यात परीक्षा घ्यावी, अशी तरतूद कायद्यात आलीही. संचालकांनी मात्र असा विरोध केला की ती अमलात येण्याआधीच गुंडाळली गेली. याच कायद्याच्या ८७व्या कलमात, धर्म, जन्मस्थान, वंश किंवा रंग यांवरून कोणाही हिंदी माणसाला कंपनीच्या नोकरीस अपात्र ठरवू नये, असे लिहिले होते. ते कलम कागदावर राहिले, पण हिंदी पुढाऱ्यांच्या आठवणीत ते पक्के बसले. पुढची पन्नास-साठ वर्षे ते त्याचाच आधार घेऊन सरकारला जाब विचारत होते.

वीस वर्षांनी, १८५३ मध्ये, सनदेचा प्रश्न पुन्हा आला. या वेळी चार्ल्स वुडने आणलेल्या कायद्याने संचालकांचा नेमणुकीचा हक्क काढूनच घेतला. परीक्षा कशी असावी हे ठरवायला १८५४ मध्ये मॅकॉलेच्या अध्यक्षतेखाली समिती बसली. ऑक्सफर्डचा बेंजामिन जॉवेट तिच्यात होता आणि ज्याचे कॉलेज या परीक्षेमुळे बंद पडणार होते, तो हेलिबरीचा प्राचार्य हेन्री मेलव्हिलही होता.

समितीने आखलेले गुणांचे कोष्टक पाहिले की तिच्या डोळ्यांसमोर कोणता तरुण होता ते कळते. एकूण गुण ६,८७५. त्यांपैकी इंग्रजी भाषा, साहित्य आणि इतिहास यांना १,५००. गणिताला १,०००. ग्रीक आणि लॅटिन यांना प्रत्येकी ७५०. निसर्गविज्ञान आणि नीतिशास्त्र यांना प्रत्येकी ५००. फ्रेंच, जर्मन आणि इटालियन यांना प्रत्येकी ३७५, आणि संस्कृत व अरबी यांनाही तितकेच. म्हणजे ज्या देशावर राज्य करायचे त्या देशाच्या दोन अभिजात भाषा मिळून जेवढे गुण, तेवढे एकट्या लॅटिनला. समितीला धंदेवाईक प्रशासक नको होता. विद्यापीठात सर्वांगांनी घडलेला इंग्रज पदवीधर हवा होता. हिंदुस्थानचा कायदा, इतिहास आणि देशी भाषा त्याने निवड झाल्यावर शिकाव्यात, अशी योजना होती.

पहिली परीक्षा १८५५ च्या जुलैमध्ये लंडनला झाली. वयाची अट १८ ते २३ होती. त्या पहिल्याच परीक्षेत पाचवा आलेला चार्ल्स एचिसन पुढच्या वर्षी हिंदुस्थानात उतरला. हेलिबरीत नवे विद्यार्थी घेणे थांबले आणि १८५८ च्या आरंभी त्या कॉलेजला कुलूप लागले. तिथे शिकून आलेले अधिकारी मात्र पुढे कित्येक वर्षे कचेऱ्यांत वरच्या खुर्च्यांवर होते. त्यांच्या हाताखाली आता असे तरुण येऊ लागले, ज्यांचे वडील कोण, काका कोण, हे त्यांना माहीत नव्हते.

याच धुसफुशीतून ‘कॉम्पिटिशनवाला’ हा शब्द निघाला. हेन्री यूल आणि आर्थर बर्नेल यांनी १८८६ मध्ये अँग्लो-इंडियन शब्दांचा ‘हॉब्सन-जॉब्सन’ हा प्रसिद्ध कोश काढला. त्यांचाही तर्क हाच आहे की हा शब्द हेलिबरीच्या एखाद्या जुन्या अधिकाऱ्याने काढला असावा. नव्या पद्धतीने आलेल्यांकडे जुनी मंडळी नाखुशीने पाहत होती, अशी पुस्तीही त्यांनी जोडली आहे.

टोमण्याची धार शेवटच्या ‘वाला’मध्ये होती. हिंदुस्थानात आलेल्या इंग्रजाने जे देशी शब्द पहिल्या आठवड्यातच उचलले त्यांत हा प्रत्यय होता. पंखा ओढणारा तो ‘पंखावाला’. पेटीत कापडचोपड आणि किरकोळ माल घेऊन बंगल्याबंगल्यांत फिरणारा तो ‘बॉक्सवाला’. पुढे कलकत्ता-मुंबईतल्या गोऱ्या व्यापाऱ्यांनाही सरकारी साहेब हेच नाव देऊ लागले. जो माणूस जी वस्तू हाताळतो तीवरून त्याला हाक मारायची, ही आपली साधी रीत. साहेबाच्या तोंडी तिला नोकराचाकराला हाक मारण्याचा सूर चढला. ‘कॉम्पिटिशनवाला’ म्हणताना जुना अधिकारी सांगत होता, की या माणसाला घराणे नाही, मित्रमंडळ नाही, रुबाब नाही. याच्याजवळ आहे ती फक्त एक परीक्षा.

या टोमण्याला तक्रारींची जोड होती. हे तरुण पुस्तकी किडे आहेत, त्यांना घोड्यावर बसता येत नाही, शिकार येत नाही, जिल्ह्यात एकटे पडले की गोंधळतात, अशी कुरकुर चाले. घोडेस्वारीचा मुद्दा तर पुढे अंतिम परीक्षेचाच भाग झाला. लिहिण्या-वाचण्याच्या सगळ्या कसोट्यांना उतरूनही घोड्याच्या परीक्षेवर निवड अडू शकत असे. अरविंद घोष १८९० मध्ये लेखी परीक्षेत अकरावे आले आणि दोन वर्षांनी याच परीक्षेला हजर न राहिल्याने सेवेबाहेर राहिले. त्यांना ती नोकरी मनातून नकोच होती, ही गोष्ट वेगळी.

हा शब्द इंग्लंडमधल्या घराघरात नेला तो मात्र स्वतः कॉम्पिटिशनवाला नसलेल्या एका लेखकाने. जॉर्ज ऑटो ट्रेव्हेलियन हा मॅकॉलेच्या बहिणीचा मुलगा. त्याचे वडील चार्ल्स ट्रेव्हेलियन यांनी इंग्लंडमधल्या सरकारी नोकऱ्यांतही स्पर्धा परीक्षा आणावी, असा अहवाल स्टॅफर्ड नॉर्थकोट याच्यासह लिहिला होता. म्हणजे मामा आणि वडील दोघेही या सुधारणेचे शिल्पकार. वडील कलकत्त्याला गव्हर्नर जनरलच्या कौन्सिलात अर्थखाते सांभाळत असताना, केंब्रिजहून नुकताच बाहेर पडलेला जॉर्ज त्यांचा खासगी चिटणीस म्हणून तिथे आला. १८६३ पासून ‘मॅकमिलन्स मॅगझिन’मध्ये त्याची पत्रे येऊ लागली. लिहिणारा होता हेन्री ब्रॉटन नावाचा काल्पनिक कॉम्पिटिशनवाला. १८६४ मध्ये त्या पत्रांचे पुस्तक झाले आणि त्याचे नावच ‘द कॉम्पिटिशनवाला’ असे ठेवले गेले.

पुस्तकात नव्या अधिकाऱ्यांची बाजू होतीच. पण १८५७ च्या उठावानंतर हिंदुस्थानातल्या गोऱ्या समाजात हिंदी लोकांविषयी किती विखार साचला आहे, हेही त्यात स्पष्ट लिहिले होते. मळेवाल्यांची मग्रुरी, गोऱ्या गुन्हेगाराला गोऱ्यांच्या ज्यूरीकडून मिळणारी सूट, येताजाता होणारा अपमान, हे एका इंग्रजाच्याच लेखणीतून लंडनच्या वाचकांपुढे आले. कलकत्त्याच्या इंग्रज मंडळींना ते झोंबले. शब्द मात्र टोमण्याच्या पलीकडे गेला. जे नाव हिणवण्यासाठी दिले होते, ते आता एका पुस्तकाच्या मुखपृष्ठावर मानाने छापलेले होते.

पत्रे छापून येत असतानाच, १८६३ मध्ये, हेलिबरीच्या कोणाही माणसाने कल्पना केली नव्हती असा एक कॉम्पिटिशनवाला निवडला गेला. तो होता सत्येंद्रनाथ टागोर, रवींद्रनाथांचे थोरले बंधू. मनमोहन घोष या मित्राबरोबर ते लंडनला गेले होते. घोषांना यश आले नाही. सत्येंद्रनाथ उत्तीर्ण झाले आणि या सेवेत येणारे पहिले हिंदी गृहस्थ ठरले. मधल्या काळात संस्कृत आणि अरबीचे गुण ५०० पर्यंत वाढवले होते. सत्येंद्रनाथांच्या यशानंतर ते थोड्याच काळात पुन्हा ३७५ वर आणले गेले.

सत्येंद्रनाथांची नेमणूक मुंबई इलाख्यात झाली आणि त्यांची जवळजवळ सगळी नोकरी अहमदाबाद, सोलापूर, साताऱ्यासारख्या गावांत गेली. पत्नी ज्ञानदानंदिनी त्यांच्याबरोबर मुंबईला आल्या. इथल्या पारशी स्त्रियांकडे पाहून साडी नेसण्याची जी पद्धत त्यांनी उचलली, ती पुढे बंगालभर पसरली. सत्येंद्रनाथ मराठी शिकले, प्रार्थना समाजाच्या मंडळींत रमले आणि तुकोबांचे अभंग त्यांनी बंगालीत नेले. १८९७ मध्ये ते साताऱ्याचे न्यायाधीश म्हणून निवृत्त झाले. तीस वर्षांहून अधिक सेवा करूनही एका हिंदी माणसाला त्या काळी जिल्हा न्यायाधीशाच्या वर जाता आले नाही, ही नोंद त्यांच्या नावाशी कायमची जोडली गेली आहे.

१८६९ मध्ये चार हिंदी तरुण एकदम उत्तीर्ण झाले. रमेशचंद्र दत्त, बिहारीलाल गुप्ता, सुरेंद्रनाथ बॅनर्जी आणि मुंबई इलाख्यातले श्रीपाद बाबाजी ठाकूर. दत्त तर तिसरे आले होते. पण निकाल लागतो न लागतो तोच बॅनर्जी आणि ठाकूर यांच्या वयाचा प्रश्न काढून दोघांनाही बाद ठरवण्यात आले. परीक्षेची वयोमर्यादा तोवर २१ वर आली होती, आणि हिंदी विद्यापीठाच्या दाखल्यावरचे वय धरले तर ती ओलांडली जात होती. गोंधळ वय मोजण्याच्या रीतीचा होता. पंधरा पुरी होऊन सोळावे लागले की आपल्याकडे ‘सोळा’ म्हणत. इंग्रज पुरी झालेली वर्षे मोजत. सुरेंद्रनाथांनी लंडनच्या क्वीन्स बेंच न्यायालयात दाद मागितली आणि ती मिळवली. ठाकूरांनाही त्यांची जागा परत मिळाली.

सुरेंद्रनाथांना १८७४ मध्ये एका किरकोळ चुकीवरून नोकरीतून काढून टाकण्यात आले. इंग्रज अधिकाऱ्याला समज देऊन सोडले असते, अशी ती चूक होती. सरकारने एक अधिकारी घालवला आणि स्वतःसमोर एक पुढारी उभा केला.

कारण लगेचच वयाचा प्रश्न पुन्हा आला, आणि या वेळी सगळ्या देशासाठी. २३ वरून २२, मग २१ अशी उतरत आलेली वयोमर्यादा लॉर्ड सॅलिस्बरीने १९ वर आणण्याचे ठरवले. १८७८ पासून तो नियम लागू झाला. सतरा-अठरा वर्षांच्या मुलाने समुद्र ओलांडायचा, परक्या भाषेत, लॅटिन-ग्रीकमध्ये, तिथल्याच शाळांत वाढलेल्या मुलांशी टक्कर घ्यायची. त्यासाठी घरातला पैसा लावायचा आणि परदेशगमनामुळे जातीचा रोषही ओढवून घ्यायचा. हे साधणारी घरे देशात किती होती? सुरेंद्रनाथांनी इंडियन असोसिएशनच्या वतीने आधी उत्तर हिंदुस्थानात आणि मग १८७८ मध्ये मुंबई-पुण्यासह पश्चिम व दक्षिणेत सभा घेतल्या. एका परीक्षेच्या वयोमर्यादेवरून सगळ्या प्रांतांतली माणसे एका मागणीवर सही करतात, हे देशाने तेव्हा पहिल्यांदा पाहिले. राष्ट्रीय सभेची, म्हणजेच काँग्रेसची, पायवाट या दौऱ्यांत पडली. याच सुमारास व्हाइसरॉय लिटन लंडनला गुप्तपणे लिहीत होता, की हिंदी लोकांना दिलेली वचने आपण मोडली या आरोपाला आपल्याजवळ समाधानकारक उत्तर नाही.

१८८५ च्या डिसेंबरात मुंबईला गोकुळदास तेजपाल संस्कृत पाठशाळेत काँग्रेसचे पहिले अधिवेशन भरले. त्याच्या ठरावांत हीच मागणी होती : परीक्षा इंग्लंड आणि हिंदुस्थान अशा दोन्ही ठिकाणी एकाच वेळी घ्या आणि वय वाढवा. दादाभाई नौरोजी तर हे १८६० च्या दशकापासून सांगत होते. १८८६ मध्ये सरकारने या प्रश्नावर आयोग नेमला. त्याचा अध्यक्ष होता तोच चार्ल्स एचिसन, १८५५ च्या पहिल्या परीक्षेतला पाचवा. आयोगाने वय २३ पर्यंत वाढवा म्हटले, पण हिंदुस्थानात परीक्षा घेण्याला नकार दिला.

२ जून १८९३ रोजी हाउस ऑफ कॉमन्समध्ये हर्बर्ट पॉलने ठराव मांडला. दादाभाई तेव्हा त्याच सभागृहात सदस्य म्हणून बसत होते. ८४ विरुद्ध ७६ मतांनी ठराव मंजूर झाला : दोन्ही देशांत एकाच वेळी परीक्षा घ्यावी. सरकारने प्रांतांची मते मागवली. मद्रास सोडून सगळ्यांनी विरोध केला आणि पार्लमेंटचा ठराव बासनात गेला. १९१२ मध्ये नेमलेल्या इस्लिंग्टन आयोगावर गोपाळ कृष्ण गोखले होते. आजारी असतानाही त्यांनी त्या कामाला जीव लावला आणि अहवाल निघण्याआधीच, १९१५ मध्ये, ते गेले. शेवटी १९२२ मध्ये अलाहाबादला परीक्षा सुरू झाली. पहिल्या परीक्षेनंतर तब्बल सदुसष्ट वर्षांनी. तोपर्यंत, १९१८ मध्ये, महाडजवळच्या नाते गावचे चिंतामणराव देशमुख लंडनच्या परीक्षेत पहिले येऊन गेले होते. १९२० मध्ये चौथे आलेले सुभाषचंद्र बोस लगेच राजीनामा देऊन मोकळे झाले होते.

दरम्यान शब्द विझत गेला होता. हेलिबरीच्या शेवटच्या तुकड्या निवृत्त झाल्यावर सेवेत उरला तो प्रत्येक जण परीक्षा देऊनच आलेला होता. मग कोणी कोणाला ‘कॉम्पिटिशनवाला’ म्हणायचे? शिवाय टोमणा झेललेल्या या मंडळींनी दोन पिढ्यांत स्वतःचाच एक उच्चवर्ग उभारला. ‘स्वर्गातून उतरलेले’ असे त्यांचे वर्णन होऊ लागले आणि बॉक्सवाल्याला क्लबात खालच्या पायरीवर बसवणारे आता हेच होते. शिफारशीचा गर्व गेला, त्याच्या जागी गुणांचा गर्व आला.

परीक्षेने कोणती माणसे निवडली याचा हिशेब महाराष्ट्राला जवळून करता येतो. याच परीक्षेतून विल्यम वेडरबर्न १८६० मध्ये मुंबई इलाख्यात आला. न्यायमूर्ती रानड्यांच्या साथीने त्याने पुरंदर तालुक्यात शेतकी बँक काढून कुणब्याला सावकारी कर्जातून सोडवण्याची योजना आखली. लंडनने ती मंजूर केली नाही. पुढे तो दोनदा काँग्रेसचा अध्यक्ष झाला. याच परीक्षेतून जेम्स कॅम्बेल आला. त्याने संपादित केलेल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरशिवाय आजही आपल्या जिल्ह्यांचा इतिहास लिहिता येत नाही. शिलालेख वाचणारा जॉन फ्लीटही याच वाटेने आला. आणि याच सेवेतून वॉल्टर रँडही आला. १८९७ च्या प्लेगमध्ये पुण्याच्या घराघरांत सोजिरांच्या तुकड्या शिरल्या आणि माजघरापासून देवघरापर्यंत काही सोडले नाही, तो त्याचा अंमल. त्या वर्षी २२ जूनच्या रात्री गणेशखिंड रस्त्यावर चापेकर बंधूंनी त्याच्यावर गोळ्या झाडल्या. वेडरबर्न आणि रँड यांना निवडणारी पद्धत एकच होती. माणसाला किती येते हे ती मोजू शकली. ज्या लोकांवर अधिकार चालवायचा त्यांच्याविषयी त्याच्या मनात काय आहे, हे ती मोजू शकली नाही.

तरीही या इतिहासाकडे पाहताना मॅकॉलेच्या परीक्षेला मी वाईट म्हणणार नाही. संचालकांच्या मुठीतून नोकऱ्या सुटल्या नसत्या, तर सत्येंद्रनाथ, रमेशचंद्र आणि चिंतामणराव यांना दार ठोठावायलाही जागा नव्हती. काकाची ओळख नसलेल्या मुलाला उत्तरपत्रिका हा एकच वशिला असतो, आणि तो वशिला कोणत्याही समाजाने जपलाच पाहिजे. पण १८५५ ते १९२२ ही सदुसष्ट वर्षे हेही सांगतात, की प्रश्नपत्रिकेत एका अक्षराचाही पक्षपात न करता परीक्षा पक्षपाती ठेवता येते. केंद्र सहा हजार मैलांवर ठेवायचे, वय दोन वर्षांनी उतरवायचे, एका भाषेचे गुण वाढवायचे आणि दुसरीचे घटवायचे, एवढे पुरते. त्या साऱ्या काळात राज्यकर्ते ‘दार सगळ्यांना उघडे आहे’ असेच म्हणत होते, आणि कागदावर ते खरेही होते.

आज पुण्याच्या पेठांतल्या अभ्यासिकांत बीड, नांदेड, गडचिरोलीहून आलेली मुले रात्री उशिरापर्यंत वाचत बसतात. त्यांची परीक्षा आता आपल्याच आयोगांच्या हाती आहे आणि मराठीतूनही देता येते. दादाभाई, सुरेंद्रनाथ आणि गोखले यांच्या पिढ्यांनी झगडून मिळवलेल्या हक्काचे हे फळ आहे. तो हक्क टिकवायचा असेल तर वेळापत्रक, वयाची अट, भाषा, शुल्क आणि शिकवणीचा खर्च या रूक्ष वाटणाऱ्या गोष्टींवर आपण तितक्याच जागरूकपणे लक्ष ठेवले पाहिजे. कोणत्याही परीक्षेचा न्याय तपासताना कोण पहिला आला हे पुढे विचारावे; तिच्या दारापर्यंत कोण पोहोचूच शकला नाही, हे आधी विचारावे.